प्रकार : इतर

लेखा खात्यात ३४ वर्षे काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर गावात कोणी गायला बोलावत नाही, मात्र कसलीही यादी करायची वेळ आली की सगळ्यांना नेमकी त्याचीच आठवण होते. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या मागच्या अंगाला एक वाचनालय आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात एका जुन्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वारसांनी घर विकायला काढले आणि घरातल्या तबकड्यांच्या सात ट्रंका, कॅसेटींची चार खोकी आणि सीडींची एक बादली (होय, बादलीच) या वाचनालयाला देणगी म्हणून पाठवून दिली. देणगी स्वीकारण्याचा ठराव कार्यकारिणीत एकमताने मंजूर झाला. तिची नोंद कोणी करायची हा विषय निघताच सगळे पंख्याकडे पाहू लागले आणि अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "भाई, तुमचे अक्षर म्हणजे मोती." हे वाक्य मी नोकरीतही अनेकदा ऐकलेले होते आणि त्याच्या मागोमाग काय येते हेही मला पुरते ठाऊक होते.

अध्यक्षांनी नोंदवही स्वतः आखून दिली. अनुक्रमांक, तबकडीचा क्रमांक, कलाकार, बोल, कंपनी, प्रकार, वर्ष, स्थिती असे आठ रकाने. "चवथीपर्यंत संपेल," असे ते म्हणाले. कुठल्या वर्षाची चवथ, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

पहिल्या दोन दिवसांत मी १३० तबकड्या उरकल्या आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आले की 'क्रमांक' म्हणून मी भलताच आकडा उतरवत होतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर क्रमांक एक नसतो. छापील चकतीवर असतो तो विक्रीचा क्रमांक, तो दोन्ही बाजूंना सामाईक. चकतीच्या भोवती जी गुळगुळीत काळी पट्टी असते तिच्यावर आणखी एक क्रमांक कोरलेला असतो, तो साच्याचा, आणि तो प्रत्येक बाजूला निराळा. मी भिंग लावून, बल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) उन्हाची तिरीप धरून, मोठ्या निष्ठेने हा दुसराच क्रमांक वाचला होता. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर पावती क्रमांकाच्या जागी नोटेवरचा क्रमांक लिहिला होता. दोन दिवसांचे काम तांबड्या शाईने खोडताना माझे मोत्यासारखे अक्षर प्रथमच थरथरले.

'कंपनी' हा रकाना तरी सरळ असेल अशी माझी समजूत होती, कारण निम्म्याहून अधिक तबकड्यांवर कुत्रा होता. कर्ण्यासमोर बसून धन्याचा आवाज ऐकणारा हा निपर नावाचा कुत्रा आपल्या पिढीला घरच्यासारखा आहे. फ्रान्सिस बॅरो नावाच्या चित्रकाराने मुळात त्याला नळकांड्याच्या फोनोग्राफपुढे बसवले होते आणि १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना ते यंत्र रंगवून बुजवायला लावले, म्हणजे खाडाखोडीची परंपरा या धंद्यात माझ्याही आधीची आहे. कुत्रा दिसला की 'एचएमव्ही' लिहायचे, असा मी नियम केला. पहिली ट्रंक या नियमाने सुखात गेली. दुसऱ्या ट्रंकेत अमेरिकेची एक तबकडी निघाली. तिच्यावर हाच कुत्रा, पण कंपनी आरसीए व्हिक्टर. जहाजावर नोकरीला असलेल्या कोणा नातेवाइकाने आणलेल्या एका जपानी तबकडीवर पुन्हा हाच कुत्रा, आणि तिथे त्याचा मालक निराळाच. एकाच कुत्र्याचे तीन खंडांत तीन धनी असतील तर तो नेमका कोणाचा आवाज ऐकतो आहे, हा प्रश्न मी अध्यक्षांपुढे लेखी मांडला. त्यांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारून कागद परत केला.

याच्या उलट कोलंबियाची गोष्ट. तिथे नाव एक आणि कंपन्या दोन. अमेरिकेतली कोलंबिया ही एक पेढी आणि इंग्लंडातली, पर्यायाने आपल्याकडची, दुसरी. ती तर १९३१ साली कुत्रेवाल्यांशीच एकत्र येऊन ईएमआय झाली. म्हणजे मराठी नाट्यपदाची कोलंबिया आणि मराठी भावगीताची एचएमव्ही या दुकानात हमरीतुमरीवर आलेल्या, पण घरी एकाच ताटात जेवणाऱ्या. त्यात भाटकारांनी पोर्तुगीज अमदानीत लिस्बनहून मागवलेले आमालिया रॉड्रिगिश या गायिकेचे फादो, म्हणजे पोर्तुगीज विरहगीते, तेही कोलंबियाच. ओडियन, ट्विन, ब्रॉडकास्ट, मुंबईची यंग इंडिया, या सगळ्या बिचाऱ्या गरिबीने एकेका ओळीत बसल्या, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

खरा घोळ बादलीत होता. भाटकारांच्या भाच्याने नव्वदच्या दशकात हणजुणे किनाऱ्यावर काही उद्योग केला होता. काय, ते घरात कोणी उघड बोलत नाही, पण बादलीतल्या सीडी त्याच्या. त्यातल्या काहींवर 'टिप' असे होते. मुंबईची हिंदी चित्रपटगीतांची 'टिप्स' मला माहीत होती, तेव्हा शेवटचे अक्षर छापायचे राहिले असावे असे समजून मी उदार मनाने ते स्वतः जोडले आणि 'प्रकार : चित्रपटगीत' अशी नोंद केली. पुढे कळले की 'टिप' ही लंडनची स्वतंत्र कंपनी आहे आणि तिच्या सीडींत आपल्याच गोव्याच्या नावाने जगभर ओळखले जाणारे 'गोवा ट्रान्स' हे यंत्रांवर वाजवलेले नाचाचे संगीत आहे. नावात गोवा, कंपनी लंडनची आणि गोव्यात जन्मलेल्या माणसाला त्यातले ओ की ठो कळत नाही.

आता 'प्रकार'. या एका रकान्याने माझ्या आयुष्याचे सहा महिने आणि कार्यकारिणीच्या तीन बैठका खाल्ल्या. अध्यक्षांनी पाच प्रकार नेमून दिले होते: शास्त्रीय, नाट्य, भक्ती, सुगम, इतर. यात जगातले सगळे संगीत मावते असे त्यांचे मत होते. पहिल्याच आठवड्यात बालगंधर्वांचे 'जोहार मायबाप' हातात आले. पद 'कान्होपात्रा' नाटकातले, म्हणून नाट्य; पण रचना चोखोबांची, म्हणून भक्ती; आणि गायकी ऐकली तर शास्त्रीय म्हणायला कोणाची हरकत नसावी. अध्यक्ष नाट्याच्या बाजूने, खजिनदार भक्तीच्या. खजिनदार वारकरी आहेत. त्यांनी राजीनाम्याची भाषा केली तेव्हा मी त्या तबकडीच्या एका बाजूची नोंद नाट्य आणि दुसऱ्या बाजूची भक्ती अशी केली, आणि दोघांनाही आपापली बाजू वर ठेवून दाखवली.

मग तियात्रातली, म्हणजे कोंकणी नाटकातली, कांतारां (गाणी) निघाली. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला आणि तेव्हापासून गोंयकार माणूस नाटक पाहायला जातो की गाणी ऐकायला, हे सांगणे कठीण आहे. तियात्र म्हणजे नाटक, तेव्हा त्यातले गाणे 'नाट्य' या रकान्यात जायला हवे, असे माझे सरळ अनुमान होते. अध्यक्षांचा चेहरा उतरला. नाट्यसंगीत म्हणजे दीनानाथ, नाट्यसंगीत म्हणजे मंगेशी, आणि त्याच्या शेजारच्या ओळीत हे? मी त्यांना समजावले की नाट्यपद कथेच्या ओघात येते आणि कांतार हे दोन पडद्यांच्या मधल्या वेळेत, कथेशी संबंध न ठेवता, बहुधा पुढाऱ्यांची खरडपट्टी काढत येते, तेव्हा दोघांची भेट होण्याचा संभव नाही. ते म्हणाले, "मग 'इतर' करा." आल्फ्रेड रोझ इतर, ट्रंपेटवाले क्रिस पेरी इतर, गायिका लोर्ना इतर. (लोर्नाला 'सुगम' मध्ये घालून पाहिले होते, तो आवाज ऐकल्यावर त्याला सुगम म्हणण्याचे धाडस मला झाले नाही.) फादो इतर, मांडो इतर. ऑगस्ट उजाडेपर्यंत माझ्या नोंदवहीत गोव्याचे अर्धेअधिक संगीत 'इतर' झालेले होते आणि ही यादी गोव्यातच तयार होत होती.

मांडोने तर मला व्यक्तिशः फसवले. तबकडीची गती हा नववा रकाना हवा असे मी पहिल्यापासून म्हणत होतो. लाखेच्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेतात, छोट्या ४५ आणि एलपी ३३ व वर एक तृतीयांश. हा एक तृतीयांश कोणी आणि का ठेवला असेल, या विचाराने लेखापालाची झोप उडते. मांडो मुळात संथ, विरहाचा, पाय न उचलता घासत नाचण्याचा. माझ्या हातून यंत्राची कळ ४५ वर राहिली आणि एलपीवरचा मांडो असा काही टुणटुणीत वाजू लागला की मी समाधानाने 'दुलपद' (मांडोचे चपळ भावंड) अशी नोंद करून मोकळा झालो. एका बाजूचे सहा मांडो मी अशा तऱ्हेने दुलपदे करून टाकले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, जे आयुष्यभर चर्चच्या गायकवृंदात व्हायोलिन वाजवत आले, ते कुंपणापाशी थांबून थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "भाई, ही बाई रडते आहे आणि तुम्ही तिला पळवता आहात."

याच गृहस्थांनी सद्भावनेने दिलेल्या एका सल्ल्यामुळे 'स्थिती' या रकान्याची स्थिती बिघडली. पावसाळ्यात गोव्यात चपलेला बुरशी येते तिथे तबकडीची काय कथा. प्रत्येक तबकडीवर पांढुरका थर होता. ते म्हणाले, काजूची चांगली फेणी फडक्यावर घ्या आणि पुसा, त्यांच्या एलपी अशाच लखलखीत होतात. एलपी विनाइलच्या, त्या होतीलही. ७८ ची तबकडी मात्र लाखेची असते, म्हणजे पांडवांच्या घरासाठी कौरवांनी वापरलेले तेच द्रव्य, आणि लाख मद्यार्कात विरघळते. हे ज्ञान मला फडक्यावर काळा डाग उतरल्यानंतर झाले. यमन कल्याणाच्या मध्यभागी बोटभर रुंदीचा एक मंद, निस्तेज पट्टा उमटला. तबकडीला फेणीचा वास मात्र अजून येतो. वाजताना सुई त्या पट्ट्यावर आली की गाणाऱ्या बाईंचा आवाजही जरा घोगरा होतो.

ही स्थिती लिहायची कशी, यासाठी संग्राहकांची एक ठरलेली श्रेणी आहे. 'मिंट' म्हणजे हातही न लागलेली, मग 'निअर मिंट', मग 'व्हेरी गुड', मग 'गुड'. ऐकायला किती गोड. प्रत्यक्षात 'व्हेरी गुड' म्हणजे खरखर स्पष्ट ऐकू येते आणि 'गुड' म्हणजे खरखरीतून अधूनमधून गाणे ऐकू येते. माझ्याखेरीज कोणी गोंधळला असता; मी नाही. सरकारी गोपनीय अहवालात 'गुड' असा शेरा मिळालेल्या माणसाची बढती का अडते, हे मी ३४ वर्षे पाहिलेले आहे.

चवथ आली. यादी पुरी झालेली नव्हती, पण वाचनालयाच्या गणपतीपुढे लावायला 'भक्ती' या कप्प्यातले काही द्या, असे म्हणत मुले आली. आता इथे एक कबुली द्यायला हवी. बादलीतल्या एका सीडीच्या वेष्टनावर ध्यानस्थ शंकर होता, मागे हिमालय, जटेतून गंगा. कंपनीचे नाव वाचून झालेला शहाणपणा ताजा असल्यामुळे मी या खेपेस नाव न वाचता चित्र पाहून नोंद केली होती. मुलांनी नेमकी तीच उचलली. ढोलासारखे काहीतरी, एकाच लयीत, न थांबता नऊ मिनिटे चालले. कोणी बंद केले नाही, कारण प्रत्येकाला वाटत होते की शेजाऱ्याला ते माहीत आहे. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टाळ हातात धरून ठेवले होते. दहाव्या मिनिटाला त्यांनी मला खुणेने जवळ बोलावून विचारले, "आरतीला सुरुवात कुठे होते?"

त्या रात्री मला केसरबाई केरकर आठवल्या. आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या. त्यांची 'जात कहां हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अवकाशात गेली. साऱ्या पृथ्वीचे संगीत त्या समितीने २७ तुकड्यांत आटोपले, गती म्हणून १६ पूर्णांक दोन तृतीयांश ठरवली (पुन्हा तोच तृतीयांश!) आणि यान सोडून दिले. परत येऊन प्रकार विचारणारे कोणी नाही, कुत्रा कोणाचा विचारणारे कोणी नाही. आमच्या वाचनालयाच्या नोंदी १,१४३ होत्या आणि त्या कुठेही जाणार नव्हत्या.

डिसेंबरात शेवटची तबकडी उरली. चकतीवरचा कागद वाळवीने खाल्लेला आणि कोरीव क्रमांकाच्या जागी कोणा लहान मुलाने सुईने गिरगटलेले. आठही रकाने रिकामे. पण मला आशा होती, कारण या धंद्याच्या सुरुवातीच्या काळाविषयी एक गोष्ट मी वाचली होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गायिका गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव स्वतः सांगत असे. पुढे इतरांनीही तसेच केले. यादी करणाऱ्याची इतकी काळजी घेणारे कलाकार पुन्हा झाले नाहीत.

मी तबकडी चढवली, कळ दोनदा पाहून ७८ वर ठेवली, पेन उघडून बसलो. खरखरीच्या पलीकडून, फार दुरून, एक बाई द्रुत ख्याल गात होती. तीन मिनिटांच्या आत तिने सगळे आवरले, शेवटची तान समेवर आणून सोडली आणि क्षणभर थांबून ठणठणीत आवाजात म्हणाली, "माय नेम इज".

सुई अडकली.

"माय नेम इज. माय नेम इज. माय नेम इज."

मी सुईला हळूच पुढे ढकलले, ती घसरून कडेला गेली. पुन्हा मागे आणली. "माय नेम इज. माय नेम इज." वजन कमी केले, जास्त केले, तबकडीखाली पुठ्ठा घातला. बाई अत्यंत सौजन्याने, न कंटाळता, मिनिटाला ७८ वेळा तेवढेच सांगत राहिली.

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, केव्हाची नाव सांगतेय ती, दारात का उभी ठेवलीत? आत बोलवा, मी चहा टाकते."