शून्य कुठून धरायचं?

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत तोच वाद नव्याने पेटतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे कृष्णेला पूर येतो की नाही? येतो म्हणणाऱ्याला, अलमट्टीला जबाबदार न धरणाऱ्या वडनेरे समितीचं नाव काढलेलं खपत नाही. येत नाही म्हणणाऱ्याला कर्नाटकाचा माणूस ठरवून लोक मोकळे होतात. तिसरा कोयनेच्या दरवाजांचा हिशेब काढतो. चौथा पूरपट्ट्यातल्या बांधकामांकडे बोट दाखवतो, आणि जत-आटपाडीकडचा विचारतो, तुम्हाला नको झालेलं पाणी आमच्याकडे का पाठवत नाही? यातला प्रत्येक जण आपल्या जागेवरून दिसतं ते खरंच सांगतो. तरीही 2005, 2019, 2021 असे तीन महापूर होऊन गेले आणि वाद होता तिथेच आहे. नेदरलँड्समध्ये बसून हे वाचताना चीड येते, ती मतं वेगळी असल्याची नव्हे. भांडणारी दोन माणसं एकाच आकड्यावर उभी नसतात, याची.

साधी गोष्ट बघा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी आपण फुटांत बोलतो. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, 2019 साली 57 फुटांच्या वर. अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते: आज 519.60, वाढवायची म्हणतात ती 524.256. धरणातला साठा टीएमसीत (अब्ज घनफूट), विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट). एकाच वादात चार मापं आणि दोन वेगळी शून्यं. मग एक जण म्हणतो, अलमट्टी सांगलीच्या खाली आहे, फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारं पाणी, येईलच कसा? दुसरा म्हणतो, अलमट्टी भरलं की सांगली बुडालीच. दोघांचंही अर्धवट आहे. पुरात नदीचा पृष्ठभाग टेबलासारखा सपाट नसतो, त्याला उतार असतो. फुगवटा किती वरपर्यंत पोचेल हे धरणाच्या पातळीवर ठरतं, तसंच त्या वेळच्या विसर्गावर, पात्राच्या रुंदीवर, साठलेल्या गाळावर आणि वाटेतल्या पुलांच्या भरावांवरही ठरतं. त्यासाठी आयर्विन, अंकली, राजापूर बंधारा, हिप्परगी आणि अलमट्टी या पाच ठिकाणांची एकाच तासाची पातळी, एकाच शून्यावरून, एका कागदावर मांडायला हवी. दर तासाला एक रेघ. कुठल्या पट्ट्यात उतार मोडतो हे चार दिवसांच्या रेघांत डोळ्यांना दिसतं. तो कागद सांगली, शिरोळ, चिकोडी, बागलकोट सगळ्यांच्या हातात एकच हवा.

इथे नेदरलँड्समध्ये ते शून्य ठरलेलं आहे. देशभरच्या पातळ्या त्यावरून मोजतात, त्याला एनएपी म्हणतात. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीत पितळेची एक खुंटी आहे, ती म्हणजे शून्य. तिच्याजवळ काचेचे तीन उभे नळ आहेत. दोनांत समुद्राची आत्ताची पातळी वरखाली होत असते. तिसऱ्यात पाणी डोक्याच्या खूप वर जाऊन थांबलेलं आहे, 4.55 मीटरवर. 1953 च्या पुराची ती पातळी. त्या पुरात 1,836 माणसं गेली. त्या नळापाशी कुणालाही मान वर करूनच बघावं लागतं, मग तो शेतकरी असो, पक्षीमित्र असो की बिल्डर.

पण शून्य एक झालं म्हणून भांडण संपत नाही, हे इथल्या पोल्डरमध्ये, म्हणजे बांध घालून पाणी उपसलेल्या सखल जमिनीत, राहणारा कुणीही सांगेल. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, जमिनीत गवताच्या खाली साधारण 60 सेंटिमीटरवर पाणी असावं असं शेतकऱ्याला वाटतं, नाहीतर ट्रॅक्टर रुततो आणि गाईंच्या खुरांनी चिखल होतो. पाणी उतरवलं की पीटला हवा लागते, ते कुजतं, जमीन वर्षाला काही मिलिमीटर खचत जाते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जुन्या घरांचे लाकडी खांब जमिनीत पाण्याखाली असतात. त्यांची डोकी उघडी पडली की लाकूड सडतं आणि भिंत तडकते, म्हणून घरवाल्याला पाणी वर हवं. लांब चोचीच्या ग्रुटो पक्ष्याला वसंतात ओली, मऊ जमीन लागते, चोच आत जायला. शेतकरी, पीट, घरवाला आणि पक्षी अशा चौघांचं म्हणणं एका खांबावरच्या इनॅमलच्या पट्टीवर येऊन थांबतं: पाणी शून्याच्या खाली, उणे 2.15 मीटर की उणे 1.95? वाटरस्खाप, म्हणजे पाण्याचा कारभार बघणारी निवडून आलेली स्थानिक संस्था, त्या भागाच्या पाणीपातळीचा मसुदा काढते, तो सहा आठवडे खुला राहतो, ज्याला हरकत आहे त्याने लिहून द्यायची, प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळतं आणि मग सभेत मतदान होतं. सभेत रहिवाशांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात, शेती आणि निसर्ग यांच्या राखीव जागाही असतात. कुणाच्याच मनासारखं होत नाही. उन्हाळ्यात एक पातळी, हिवाळ्यात दुसरी, घरांच्या रांगेला वेगळा बंधारा, शेताखालून नळ्या घालून चरातलं पाणी परत आत मुरवायचं, अशा तडजोडी निघतात. घासाघीस वीस सेंटिमीटरवर होते, देशद्रोहावर होत नाही.

'नदीला जागा द्या' हा इथला पूरनियंत्रणाचा कार्यक्रम आपल्याकडच्या भाषणांत फार येतो, पण अर्धाच सांगितला जातो. ओव्हरडीप्स पोल्डरमध्ये सरकारने पुराचं पाणी घ्यायचं ठरवल्यावर शेतकऱ्यांनीच दुसरा आराखडा पुढे केला: बांध खाली करा, पण कडेला सहा मीटरच्या आसपास उंचीची टेकाडं घालून द्या, आम्ही घरं-गोठे त्यावर नेतो. आठ शेतं अशी टेकाडांवर राहिली, बाकीच्यांनी मोबदला घेऊन जागा सोडली. शेत साधारण 25 वर्षांतून एकदा बुडेल हे आधीच लिहून दिलेलं आहे. बदल्यात नदीची पूरपातळी 27 सेंटिमीटर उतरते. इतक्या कुटुंबांची इतकी उलथापालथ, 27 सेंटिमीटरसाठी! पण तो आकडा सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून ती करता आली.

आपल्याकडे 25 वर्षांतून एकदाच्या पुराची निळी रेषा आहे, 100 वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगरमधल्या माणसाला ती रेषा त्याच्या भिंतीवर कुठे येते हे रंगाने काढून दाखवलेलं नसतं. तो नकाशा कार्यालयात असतो आणि पाणी घरात. शामरावनगरात भराव घालून ओत, म्हणजे पाण्याची नैसर्गिक वाट, बुजवला की पाणी शेजारच्या गल्लीत किती सेंटिमीटरने चढेल, हे प्लॉट घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. कर्नाटकाशी भांडण करायलाच हवं, पण निळ्या रेषेतला भराव बंगळुरूहून आलेला नाही.

आता जत-आटपाडीचा प्रश्न. 'पुराचं पाणी दुष्काळी भागाला' ही घोषणा चांगली आहे, तिचा हिशेब मात्र सगळ्यांसमोर मांडायला हवा. 1 लाख क्युसेक दिवसभर वाहिले तर साधारण 8.64 टीएमसी होतात. समजा, एखादी उपसा योजना पूर्ण ताकदीने 1,000 क्युसेक उचलते, तर दिवसाला 0.086 टीएमसी. म्हणजे आयर्विनखालून एका दिवसात जेवढं पाणी जातं तेवढं उचलायला शंभर दिवस लागतील. ऐन पुरात तर पंप चालवणंच कठीण. जाळीला ऊस, झाडं, प्लॅस्टिक अडकतं, गाळाने पंपाची पाती झिजतात आणि बहुतेक वेळा वीजच नसते. त्यामुळे पंपांनी सांगलीचा पूर फारसा उतरणार नाही. पण जुलै ते ऑक्टोबर ते सलग चालले, तलावांचा गाळ काढलेला असला आणि पोटचाऱ्या फुटलेल्या नसल्या, तर तेच 8.64 टीएमसी आटपाडीची तळी भरतात. पूर आणि दुष्काळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पाणी एकच आहे. एवढं दोघांनी मान्य केलं की नदीकाठचा माणूस दुष्काळी माणसावर पूर घालवण्याचं ओझं टाकणार नाही, आणि दुष्काळी माणूस त्याच्या पुराकडे आशेने बघणार नाही.

विजेचंही तसंच. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उचलायला साधारण 0.36 युनिट लागतं. एका टीएमसीला ते एक कोटी युनिटांवर जातं, आणि टेंभू-म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी शंभर मीटरवर थांबत नाही. त्या बिलातला 81 टक्के भाग सरकार उचलतं, 19 टक्के शेतकरी. एवढ्या महाग पाण्यावर पाट सोडून ऊस भिजवायचा की ठिबकवर डाळिंब-द्राक्ष, हा प्रश्न पर्यावरणवाल्याचा एकट्याचा राहत नाही. करदात्याचा होतो, कालव्याच्या शेपटाला बसलेल्याचाही होतो.

हे सगळं परक्याकडून शिकायला हवं असं मी मुळीच म्हणत नाही. 1980 च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. ठेकेदारांचा वाळू उपसा थांबवला, स्वतः मोजकी वाळू विकून पैसा उभा केला. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी द्यायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही, हे आधी ठरवलं. समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह आटपाडीने त्यानंतर वर्षानुवर्षं धरून ठेवला. इथल्या सभांत बसणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा छाती फुगते, खोटं कशाला बोलू?

आणि इथे सगळं गोड आहे असंही नाही. 2019 साली ट्रॅक्टरांनी हमरस्ते अडवले, 2022 साली पुन्हा. वाद नायट्रोजनचा होता. गोठ्यातून निघालेला अमोनिया किती दूरच्या रानात किती पडतो, हे संगणकाच्या गणितावर ठरत होतं आणि ते गणितच शेतकऱ्यांना मान्य नव्हतं. मोजपट्टीवर विश्वास नसला की शंभर बैठका घेऊनही काही हाती लागत नाही. पाण्याच्या पट्टीला मानणारे हेच लोक तिथे सांगलीकरांसारखेच भांडले.

'बाहेर बसून शहाणपण शिकवू नका' असं उत्तर येणार, हे माहीत आहे. त्यात तथ्य आहे. 2019 ला गावभागातल्या माळ्यावर धान्याची पोती मी चढवली नाहीत, ब्रह्मनाळच्या बुडालेल्या बोटीत मी नव्हते. वाटरस्खापच्या निवडणुकीत मात्र मला मत आहे. नागरिकत्व नसलं तरी रहिवासी म्हणून ती पत्रिका मिळते. प्रांताची मिळत नाही. म्हणजे हक्काने बोलता येतं ते ज्या पाण्याची मला फारशी काळजी नाही त्याच्याबद्दल. घराजवळच्या चरात आज पातळी किती आहे, विचाराल तर मला सांगता येणार नाही. ऑगस्टच्या रात्री इथे अकरा वाजलेले असतात, तिकडे अडीच. फोनवर मी आयर्विनचे फूट बघत बसते, आणि 38 दिसले की चाळीसला अजून किती तास, हे बोटांवर मोजते.