दोन टक्क्यांचं पुण्य

अभिनंदन! शीतपेयाच्या कंपनीत सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं, खातं तुमच्या गळ्यात पडलंय म्हणे. घाबरू नका. 2013 चा कंपनी कायदा, कलम 135, फार काही मागत नाही. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले 2 टक्के सत्कार्याला लावले की झालं. उरलेले 98 कसे आले, हे विचारायची त्या कलमात सोय नाही.

5 जूनला झाडं लावा. खड्डे गेल्या वर्षीचे चालतील, शाश्वत विकास यालाच म्हणतात. अहवालात 'वॉटर पॉझिटिव्ह' लिहा, म्हणजे वापरतो त्याहून जास्त पाणी परत देतो असं, फक्त त्याच पानावर मराठवाड्यातल्या टँकरचा फोटो जाऊ देऊ नका.

जपायचं ते साखरेला. बाटलीतली साखर कारखान्यातून येते, कारखान्यात ऊस येतो, ऊस ट्रॅक्टरमधून येतो. बस्स, इथेच थांबा. त्याच्या पलीकडे उसाचा फड असतो आणि शहाण्या अधिकाऱ्याने फडात जाऊ नये. जायचंच झालं तर ऊन वर आल्यावर जा. पहाटे गेलात तर बीडकडची एखादी बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढताना दिसेल, खाली पाचटावर तिचं लेकरू निजलेलं असेल, आणि मग दिवसभर तुमचं प्रेझेंटेशनमध्ये लक्ष लागणार नाही.

ती कामगार कुणाची? शेतकरी म्हणतो कारखान्याची, कारखाना म्हणतो मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची, आणि मुकादमाच्या वहीत ती नाहीच. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्याला, खाड्याचा दंडही कोयत्यालाच. कोयत्याला पाळी येत नाही, कोयता बाळंत होत नाही, त्यामुळे हिशेब फार सुटसुटीत राहतो. 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तुम्ही 'महिला आरोग्य' या मथळ्याखाली सॅनिटरी पॅड वाटा. शहरातल्या कॉलेजात वाटा हं. फडात ना आडोसा ना पाणी, फोटोही धड येत नाही.

आणखी एक गंमत. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. ही बाई आपली कर्मचारी नाही, हे तर आपल्याच वकिलाने लेखी दिलंय. म्हणजे तिच्यावर खर्च करायला कायद्याची काहीच आडकाठी नाही! हे मीटिंगमध्ये मात्र बोलू नका.

मानवी हक्कांच्या रकान्यात 'तक्रारी: 0' भरा. खोटं नाही ते. तक्रारपेटी हेड ऑफिसच्या रिसेप्शनला आहे, त्या बाईची कोपी, म्हणजे फडाजवळची झोपडी, तिथून तीनशे किलोमीटरवर. ऑडिटचीही धास्ती नको. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला 2012 च्या ऑगस्टमध्ये एसए 8000, म्हणजे कामगारांना नीट वागवत असल्याचं, प्रमाणपत्र मिळालं होतं. सप्टेंबरमध्ये आग लागली. खिडक्यांना गज होते, अडीचशेवर माणसं गेली. कागद तेवढा चोख होता.

तरीही एखाद्या दौऱ्यात ती बाई समोर आलीच, तर विचारेल, "सायेब, एखादी ताडपत्री मिळंल का? अवकाळीनं समदं भिजलं." हसून सांगा, कुठल्या हेडखाली बसतं ते बघतो. फाईल फिरून येईपर्यंत एप्रिल उजाडेल आणि टोळी गावाकडे गेलेली असेल.