मान मागे करून घास उतरवायचा नसतो

'वृद्धाश्रमातले आई-वडील जेवत नाहीत? हे 5 उपाय करा' असा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, नुसते जोडलेले हात. आमच्या आत्यानं तो थेट तिच्या सासूबाईंच्या वृद्धाश्रमातल्या मावशींना पाठवून दिला, वर 'असं करून बघा' म्हणून. तेव्हा आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या उपायापासून सुरुवात करते, कारण जीवावर बेतणारा तोच आहे. 'घास तोंडात धरून बसत असतील तर मान थोडी मागे करा आणि घोटभर पाण्याबरोबर उतरवा.' हे ज्यानं लिहिलं त्यानं कधी म्हाताऱ्या माणसाला भरवलेलं दिसत नाही. गिळताना कंठ वर उचलला जातो आणि श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. मान मागे गेली की हे झाकणं नीट होत नाही, वाट उघडी राहते. त्यात पाणी म्हणजे सगळ्यात चपळ पदार्थ. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाचं गिळणं आधीच मंद असतं; गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधी पाणी घशातून खाली गेलेलं असतं, तेही कधी कधी फुप्फुसात. ठसका लागलाच तर नशीब, कारण अनेकांना तो लागतच नाही. मग दोन-तीन दिवसांनी ताप, धाप आणि न्यूमोनिया.

भरवायचं कसं ते सांगते. माणूस पलंगावर रेललेला नको, खुर्चीत ताठ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्यानं समोर बसायचं. उभं राहून भरवलं की जेवणारा वर बघतो आणि मान आपोआप मागे जाते. वृद्धाश्रमात एका मावशीकडे सहा जण असले की नेमकं हेच होतं. चहाचा चमचा, तोही अर्धा भरलेला. कंठ वर जाऊन खाली आलेला दिसला की मगच पुढचा. मधूनच 'आ' म्हणायला लावा: आवाज ओला, घोगरा आला तर घशात काही अडकलंय, थांबा. पक्षाघात झालेल्या बाजूच्या गालात घास साठतो, तिथे बघा. ठसका लागला तर खोकू द्या, वरून पाणी पाजू नका. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. आणि पातळ आमटीत बुडालेला भात देऊ नका. पाणी पुढे पळतं, शितं मागे राहतात. घट्ट कालवलेला गुरगुट्या वरणभात बरा. ठसके वारंवार लागत असतील तर पाणी किती दाट करून द्यायचं हे स्पीच थेरपिस्टनं (गिळणंही तेच तपासतात) तपासून ठरवायचं असतं, ग्रुपवर नव्हे.

आता पहिला: 'या वयात पोट आक्रसतं, दोनदा जेवण पुरे, रात्री लंघन उत्तम.' वयानं भूक मंदावते, हे अर्धसत्य मान्य. पण गरज तेवढी कमी होत नाही. युरोपातल्या एस्पेन या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संस्थेची वृद्धांच्या पोषणाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं दिवसाला किलोमागे साधारण 30 किलोकॅलरी आणि किमान 1 ग्रॅम प्रथिनं सांगतात. म्हणजे 50 किलोच्या आजींना 1500 किलोकॅलरी आणि 50 ग्रॅम प्रथिनं. दोन वेळच्या अर्ध्या ताटात हे बसत नाही. उलट संध्याकाळी सातला जेवण आणि सकाळी आठला नाश्ता हा तेरा तासांचा खड्डा भरायला हवा: रात्री नऊला कपभर दूध, त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर घातली की साधारण 5 ग्रॅम प्रथिनं वाढतात. पेजेत चमचाभर तूप, उपम्यात दाण्याचं बारीक कूट, चालत असेल तर अंडं. प्रमाण तेवढंच, आत ऐवज जास्त. आणि ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाला लंघन घडवलं तर पहाटे साखर कोसळते, हे त्या मेसेजमध्ये नाही.

दुसरा, 'बीपी-शुगर आहे म्हणजे मीठ, गोड, तूप बंद.' तीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की खाणं कमी करणारी पथ्यं या वयात टाळावीत. अळणी भाजी समोर ठेवायची आणि जेवत नाहीत म्हणून रडायचं! किडनीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून, पण विचारा.

चौथा, 'केमिस्टकडून भुकेचं सिरप आणा.' त्यात बहुतेकदा असणारं सायप्रोहेप्टाडाईन हे औषध वृद्धांमध्ये टाळण्याच्या औषधांच्या बीअर्स यादीत आहे: गुंगी, भ्रम, कोरडं तोंड, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं. बद्धकोष्ठानं भूक आणखी मरते. आधी चालू गोळ्यांची यादी बघा. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, हृदयाचं डिगॉक्सिन, स्मृतिभ्रंशाचं डोनेपेझिल, लोहाच्या गोळ्या, सगळ्यांनी अन्नावरची वासना उडू शकते. मग तोंडात बॅटरी मारून बघा: सैल कवळी, पांढरे चट्टे, दुखरी दाढ.

पाचवा, आलं-लिंबू-सैंधव. बरं, चघळायला हरकत नाही, लाळ सुटते. तोंड आलेलं नसेल तर.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये चुकून बरोबर आहे: जबरदस्ती करू नका. शेवटच्या आजारात भूक जाते तेव्हा तर नाहीच. पण ती वेळ आली आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगायचं, आपण कंटाळून नाही.

आत्या, मावशींना काही पाठवायचंच असेल तर हे पाठव: तीन दिवस प्रत्येक जेवणानंतर ताटातलं पाव, अर्धं की पाऊण संपलं ते लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच काट्यावर, नाश्त्याआधी वजन. महिन्यात 50 किलोचे 47.5 झाले तर डॉक्टर. उभं राहता येत नसेल तर शिवणकामाच्या टेपनं पोटरी मोजा, जिथे सगळ्यात जाड तिथे. पायाला सूज नसताना 31 सेंटिमीटरच्या खाली भरली, तरीही डॉक्टर.