"छोट्या बेटाने कार्बन कमी करून काय होणार?" तर हे होतं

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. हजार-दोन हजार वस्तीच्या बेटाने उत्सर्जन कमी केलं तरी जगाला काडीचा फरक पडत नाही, वारा पडला की अंधार, लोक तयार होत नाहीत आणि बोटी तर डिझेलवरच चालणार, मग कशाला हा खटाटोप. वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जगाला फरक पडत नाही". जगाच्या हिशोबात नाही पडत, मान्य. पण बेटाला पडतो ना! लांबच्या बेटांवर वीज बहुतेक डिझेल जनरेटरची, ते डिझेल बोटीने येणार, म्हणजे तेलाचे भाव चढले की बेटाचा खिसा रिकामा आणि समुद्र खवळला की बोटच नाही. टोकेलाऊची प्रशांत महासागरातली तीन प्रवाळबेटं, माणसं साधारण दीड हजार, त्यांनी २०१२ मध्ये सोलर बसवलं आणि जवळजवळ सगळी वीज उन्हावर आणली. समुद्र वाढला तर आधी पाण्याखाली जाणारी हीच बेटं, त्यांना गप्प बसा सांगायचं?

"वारा पडला की अंधार". हा मुद्दा सगळ्यात जास्त फिरतो. स्कॉटलंडचं एग बेट बघा, शंभरेक माणसं, मुख्य भूमीची वीज नाहीच. २००८ पासून तिथे ओढ्याचं पाणी, वारा आणि ऊन अशा तिन्हींची वीज एकत्र येते, सोबत बॅटऱ्या, आणि डिझेल फक्त अडीनडीला. खरी गंमत वापरात आहे. घरटी एकावेळी ५ किलोवॅटच, म्हणजे किटली आणि वॉशिंग मशीन एकदम चालेल पण त्यात हीटर लावायचा तर थांबावं लागतं, आणि वीज जास्त झाली की ती सार्वजनिक हॉल गरम करायला जाते. आधी मागणीला शिस्त आणि मग यंत्रं, हे मला तरी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

स्पेनच्या एल हिएरोवर वारा जास्त असला की पाणी पंपाने वरच्या ज्वालामुखीच्या विवरात चढवतात आणि वारा पडला की तेच खाली सोडून वीज काढतात. २०१९ च्या उन्हाळ्यात सलग २४ दिवस डिझेलशिवाय निघाले. वर्षभराचं बघितलं तर निम्म्याच्या आसपासच वीज अशी येते, डिझेलचं केंद्र अजून आहे, हेही सांगायलाच हवं.

"लोक तयार होत नाहीत". डेन्मार्कच्या साम्सोवर पवनचक्क्या शेतकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून घेतल्या, पेंढा जाळून घरं गरम केली. चक्की आपली असली की तिचा आवाज कमी खुपतो.

राहिल्या बोटी. डेन्मार्कच्याच एरो बेटाची एलेन नावाची फेरीबोट २०१९ पासून बॅटरीवर गाड्या आणि माणसं नेते-आणते, जाऊन-येऊन २२ सागरी मैल. लांब पल्ल्याच्या मालवाहू जहाजांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण बेटावरची रोजची ये-जा त्या जहाजांवर थोडीच चालते.