सगळ्यांनी सगळ्यांशी बोलून डिझाइन सुधारत नाही

"टीममध्ये प्रत्येकाचा प्रत्येकाशी थेट संपर्क हवा. संवाद जितका जास्त, तितकं डिझाइन चांगलं." अभियांत्रिकी प्रकल्पांबद्दल हा दावा हल्ली सगळीकडे फिरतो. कारणं तीन दिली जातात: काही निसटत नाही, काम एका माणसावर अडत नाही आणि नव्या कल्पना येतात. मला हा सल्ला घातक वाटतो. पाच जणांत संपर्काच्या 10 जोड्या होतात, वीस जणांत 190. त्या सगळ्या सांभाळायच्या तर डिझाइन करायचं कधी?

काही निसटत नाही? 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरचे आकडे पाउंड-फोर्स-सेकंद या एककात होते आणि पुढे ते न्यूटन-सेकंद या वेगळ्या एककातले समजून वापरले गेले. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण चौकशीत आणखी एक गोष्ट समोर आली होती. यानाचा मार्ग ठरवणाऱ्या टीमला विसंगती आधीच दिसली होती आणि त्यांनी ती ईमेलवरून कळवलीही होती. फक्त अशा शंकांची रीतसर नोंद करून पाठपुरावा करण्याची जी पद्धत होती, तिच्यात ती गेली नाही. म्हणजे बोलणं झालं होतं, पण उत्तर देण्याची जबाबदारी कुणावरच आली नाही.

एका माणसावर काम अडतं, हे अर्धंच खरं. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड लेविट यांच्या 1951 च्या प्रयोगात पाच जणांच्या गटांना सोपं काम दिलं होतं. सगळे निरोप मधल्या एकाच माणसाकडून जाणाऱ्या गटांच्या चुका, वर्तुळात फक्त शेजाऱ्यांशी जोडलेल्या गटांपेक्षा कमी झाल्या. पुढे मार्व्हिन शॉ या मानसशास्त्रज्ञांनी अवघड गणितं दिली, तेव्हा मधला माणूस नसलेली मोकळी रचना सरस ठरली. त्यामुळे ड्रॉइंगची ताजी आवृत्ती एकाच हातून जावी, पण वजन कमी करायचं की मजबुती राखायची हा वाद संबंधितांनी थेट घालावा.

नव्या कल्पनांचं म्हणाल, तर त्या बहुधा टीमबाहेरच्या तुरळक ओळखींतून येतात. मात्र व्यवस्थापनाचे अभ्यासक मॉर्टन हॅन्सन यांच्या 1999 च्या अभ्यासानुसार गुंतागुंतीचं ज्ञान आत्मसात करायला घट्ट संबंधच लागतात.

प्रॅट अँड व्हिटनी या विमान-इंजिन कंपनीच्या एका जेट इंजिनाच्या अभ्यासात असं दिसलं, की काही भाग एकमेकांवर अवलंबून असूनही त्यांच्या टीम आपसात बोलतच नव्हत्या. हे विशेषकरून दोन वेगळ्या प्रणालींच्या सीमेवर घडत होतं. म्हणून सुरुवातीलाच भागांचा तक्ता करावा आणि प्रत्येक जोडणीपुढे दोन्ही बाजूंच्या जबाबदार माणसांची नावं लिहावीत. नाव सुचत नसेल तिथे आधी माणूस नेमा, बैठका नंतर वाढवा.