युवा चर्चेला अख्खी कादंबरी नको, दोन पानं पुरतात

वसईतल्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) युवकांचे वर्ग घेणाऱ्यांना कळकळीने सांगायचंय: कादंबरीला प्रवचनाचं आमिष करू नका. पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनावर खास पत्र लिहिलं, तेव्हा 'चर्चमध्ये असली पुस्तकं कशाला?' हा प्रश्न आता उरू नये. प्रश्न आहे तो पुस्तक कसं घ्यायचं याचा.

'द हंगर गेम्स' (२००८) ही कादंबरी मुलांना चांगलीच ठाऊक असते: दर वर्षी चिठ्ठ्या काढून मुलं निवडायची आणि एकच उरेपर्यंत त्यांना टीव्हीवर एकमेकांशी लढवायचं. बहुतेक ठिकाणी एकच होतं. नायिका कॅटनिस चिठ्ठी निघालेल्या बारा वर्षांच्या बहिणीऐवजी स्वतः पुढे होते, की लगेच योहान १५:१३ ('मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठं प्रेम नाही') वाचायचं. उत्तर मुलांना आधीच माहीत, त्यामुळे चर्चा पाच मिनिटांत आटपते. शिवाय कॅटनिसला ओढूनताणून ख्रिस्त करू नये. ती जीव वाचवायला जीव घेते, आणि तिच्या जगात देवाचा विषय जवळपास निघतच नाही. त्यावर मोकळेपणी बोलू द्या.

त्यापेक्षा पहिल्या प्रकरणातला चिठ्ठ्यांचा हिशेब घ्या. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी दर वर्षी एक वाढत जाते. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची, त्याबदल्यात एका माणसाला वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल. सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या नेहमीच्या ५, वर तीन माणसांमागे पाच वर्षांच्या १५, एकूण २०. तिचा मित्र गेल अठराचा, घरात पाच माणसं: ७ आणि ३५, म्हणजे ४२. हे गणित मुलांनाच फळ्यावर करू द्या. मग एवढंच विचारा: इथे पाप कोणाचं? चिठ्ठी काढणाऱ्याचं, नियम करणाऱ्याचं, की टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांचं? त्यानंतर कॅटेकिझममधले (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथातले) परिच्छेद १८६८ आणि १८६९ उघडा. दुसऱ्याच्या पापाला आज्ञेने, सल्ल्याने, स्तुतीने हातभार लावणारेही जबाबदार, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. आधी परिच्छेद वाचलात तर मुलं विचार न करता तेच उत्तर परत देतील.

वेळ ७५ मिनिटं धरा: १० मोठ्याने वाचन, १५ गणित, ३० सहा-सात जणांच्या गटांत, उरलेली २० कॅटेकिझम आणि प्रार्थनेला. दोन पानांची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात हवीच, कारण निम्म्यांनी फक्त सिनेमा पाहिलेला असतो. तेरा वर्षांची आणि वीस वर्षांची मुलं एका गटात बसवली की लहान गप्प होतात. पुस्तक इंग्रजीत असलं तरी चर्चा मराठीत किंवा कादोडी या वसईच्या बोलीत होऊ द्या, घरच्या भाषेत मुलं मनातलं बोलतात.

शेवटचा विषारी बेरींचा प्रसंग मात्र मोठ्या गटात काढू नका. कॅटनिस आणि तिचा साथी पीटा दोघं मिळून मरायला तयार होतात, आणि समोरच्यांपैकी कोणाच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसत नसतं. एखाद्याने आत्महत्येचा विषय काढलाच, तर पापापासून सुरुवात नको. तीव्र मानसिक यातनेत माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असं परिच्छेद २२८२ सांगतो, आणि २२८३ आशा सोडू नका म्हणतो. वर्ग सुटल्यावर एक जाणती मोठी व्यक्ती तिथेच थांबलेली असावी, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक झेरॉक्सच्या तळाशी छापलेला असावा.