कान, हनुवटी आणि टक्कल : फ्रेड ॲस्टेअरच्या फॉरवर्डची झाडाझडती

निकालांचे दिवस आले की एक मजकूर हमखास मोबाइलवर येऊन पडतो. तो थोडक्यात असा : ‘१९३३ साली फ्रेड ॲस्टेअर नावाचा एक अनोळखी तरुण एमजीएम स्टुडिओत स्क्रीन टेस्टला गेला. टेस्ट घेणाऱ्यानं शेरा मारला – अभिनय येत नाही, थोडं टक्कल आहे, थोडंफार नाचता येतं. ॲस्टेअर खचला नाही. तो कागद त्यानं बेव्हर्ली हिल्सच्या घरात शेकोटीवर लावून ठेवला आणि जगातला सर्वांत मोठा नर्तक-नट झाला.’ या मजकुराला हल्ली तीन शेपट्याही फुटल्या आहेत. एक, ‘त्यानं जे केलं ते सगळं जिंजर रॉजर्सनं उलट्या पावलांनी आणि उंच टाचांवर केलं’ (जिंजर म्हणजे पडद्यावर त्याच्याबरोबर नाचणारी नटी). दुसरी, ‘त्याचे नाच एका दमात, बिनचूक घेतलेले’. तिसरी, तो छतावर नाचतो ती रील : ‘कसलीही ट्रिक नाही, दोरीला लटकून खराखुरा नाच’.

प्रेरणा कुणाला कशातून मिळावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण या मजकुरात जवळजवळ प्रत्येक वाक्याला काही ना काही चिकटलेलं आहे. ते सोडवून बघू.

‘अनोळखी तरुण’

सर्वांत मोठी थाप हीच. ॲस्टेअरचा जन्म १० मे १८९९चा, अमेरिकेतल्या ओमाहा गावचा. घराण्याचं आडनाव ऑस्टरलिट्झ. अडीच वर्षांनी मोठी बहीण अडेल हिच्याबरोबर तो १९०५ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, व्यावसायिक रंगमंचावर उभा राहिला. १९१७ मध्ये दोघं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर पोचली. १९२४च्या ‘लेडी, बी गुड!’चे तिथे ३३० प्रयोग झाले, पुढे लंडनलाही ते नाटक गाजलं. म्हणजे स्क्रीन टेस्टच्या वेळी हा माणूस तेहतीस वर्षांचा होता आणि त्यातली सत्तावीस वर्षं त्यानं रंगमंचावर काढली होती. गर्श्विन बंधूंची त्याच्यासाठी गाणी रचून झाली होती. त्याला अनोळखी म्हणायचं तर त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये ओळखीचं कुणी उरणारच नाही.

त्याच्यापुढे अडचण होती, ती वेगळीच. त्या जोडीतलं खरं आकर्षण अडेल मानली जायची. हजरजबाबी, खट्याळ, रंगमंचावर आली की नजर तिच्यावरच. १९३२ मध्ये लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिशशी लग्न करून तिनं रंगभूमी सोडली आणि ‘एकटा भाऊ चालेल का?’ असा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गे डिव्होर्स’ हे नाटक त्यानं बहिणीविना केलं, २४८ प्रयोग खेचले आणि संगीतकार कोल पोर्टरचं ‘नाइट अँड डे’ गाजवलं. त्या नाटकाचे प्रयोग चालू असतानाच सिनेमाची बोलणी सुरू होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला खरा पेच हवा असता तर तो इथे होता : जोडीनं मोठा झालेला माणूस, जोडी तुटल्यावर काय करतो? पण त्यात टक्कल नाही, म्हणून ते कुणी फिरवत नाही.

‘एमजीएमनं नाकारलं’

गाजलेली टेस्ट आरकेओ या स्टुडिओसाठी होती. ती फिल्म आज उपलब्ध नाही. उपलब्ध आहे ते आरकेओचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड सेल्झनिक यांचं जानेवारी १९३३चं टिपण. त्याचा आशय असा : या माणसाबद्दल माझी खात्री नाही, कान प्रचंड, हनुवटीची रेघ वाईट, पण त्याची मोहिनी एवढी जबरदस्त आहे की या भिकार टेस्टमधूनही ती जाणवते. आधी खोड काढली आहे, मग पसंती दिली आहे. कान आहेत, हनुवटी आहे, टक्कल कुठेच नाही. आणि नकारही नाही, कारण आरकेओनं त्याच्याशी करार केला. सेल्झनिक त्यानंतर थोड्याच दिवसांत एमजीएममध्ये गेले. फॉरवर्डमध्ये एमजीएम शिरलं ते कदाचित या वाटेनं.

गंमत म्हणजे एमजीएमनं त्याला नाकारलं तर नाहीच, उलट त्याचं पहिलं पडद्यावरचं दर्शन त्यांच्याच चित्रपटात घडलं. १२ जुलै १९३३ला त्याचं लग्न झालं, दुसऱ्या दिवशी नवराबायको हॉलिवूडला निघाली आणि आरकेओनं त्याला काही दिवस एमजीएमला उसना दिला. ‘डान्सिंग लेडी’मध्ये जोन क्रॉफर्डबरोबर तो चक्क ‘फ्रेड ॲस्टेअर’ याच नावानं येतो. अनोळखी माणसाला पडद्यावर स्वतःच्या नावानं कोण आणतं?

राहिला तो शेरा. ‘थोडंफार नाचता येतं’ हे शब्द ज्यानं-त्यानं आपापल्या सोयीनं घडवलेले दिसतात. १९८० मध्ये पत्रकार बार्बरा वॉल्टर्सना दिलेल्या मुलाखतीत ॲस्टेअरनं स्वतः सांगितलेली आवृत्ती अशी होती : ‘अभिनय येत नाही. थोडं टक्कल. नाचतोही.’ फरक एका शब्दाचा आहे, पण तोच सगळं फिरवतो. ‘थोडंफार नाचता येतं’ यात लिहिणाऱ्याचं अज्ञान दिसतं. ‘नाचतोही’ हा नाटक कंपनीच्या हिशेबवहीतला शेरा वाटतो : माणूस उपलब्ध, गातो, नाचतोही. आरकेओचे निर्माते पँड्रो बर्मन यांनी तर असा शेरा कधी ऐकलाच नसल्याचं म्हटलं होतं. मूळ कागदच हाती नसताना तो शेकोटीवर लावल्याचं छातीठोकपणे सांगायचं म्हणजे कमाल आहे.

टकलाचं तेवढं खरं. केस विरळ होते, पडद्यावर तो केसांचा टोप घालायचा आणि त्या टोपाचा त्याला मनस्वी कंटाळा होता.

‘उलट्या पावलांनी आणि उंच टाचांवर’

वाक्य टाळीचं आहे, पण ते जिंजरच्या काळातलं नाही. बॉब थेव्हज यांच्या ‘फ्रँक अँड अर्नेस्ट’ या व्यंगचित्रमालिकेत ते १९८२ मध्ये आलं. १९८८ मध्ये ॲन रिचर्ड्स यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणात वापरलं आणि मग ते सगळीकडे झालं.

वाक्यातला राग रास्त आहे, तपशील अर्धवट आहे. बॉलरूमच्या धर्तीच्या, एकमेकांना धरून करायच्या नाचात बाईला बराच वेळ मागे पाऊल टाकावं लागतं हे खरं. पण या जोडीच्या कितीतरी टॅपच्या (बुटांनी जमिनीवर ताल वाजवण्याच्या) नाचांत दोघं शेजारी-शेजारी, तोंडं एकाच दिशेला करून नाचतात. तिथे उलटं कुणीच नाही. जिंजरचं खरं कसब पावलांच्या वर होतं. ती नाचताना ऐकत असते. पार्टनरच्या खांद्याकडे बघताना तिचा चेहरा बदलत जातो, आणि नाचाआधी रुसलेली बाई नाच संपताना विरघळलेली आहे हे आपल्याला पटतं ते तिच्यामुळे. तिला बिचारी ठरवण्याचंही कारण नाही. १९३३च्या ‘फ्लाइंग डाउन टू रिओ’त, म्हणजे दोघांच्या पहिल्या चित्रपटात, श्रेयनामावलीत ती चौथी आणि तो पाचवा आहे. ‘किटी फॉयल’साठी अभिनयाचं ऑस्कर तिला मिळालं, त्याला स्पर्धेतलं कधीच नाही; त्याच्या वाट्याला मानद पुरस्कार आला, तोही तिच्याच हातून.

टाचांपेक्षा जास्त छळ कपड्यांनी केला. ‘टॉप हॅट’मधल्या (१९३५) ‘चीक टू चीक’ला तिनं शहामृगाच्या पिसांचा झगा घातला. प्रत्येक गिरकीला पिसं सुटत, त्याच्या काळ्या कोटाला चिकटत, नाकातोंडात जात. त्यावरून तिला ‘फेदर्स’ (पिसं) हे नाव पडलं. पुढच्या वर्षी ‘फॉलो द फ्लीट’मध्ये मण्यांनी मढवलेला, दहा किलोंच्या वर वजनाचा पोशाख आला. अशा पोशाखात गिरकी घेऊन थांबलं तरी कापड थांबत नाही. ते उरलेली फेरी पुरी करून पायांना गुंडाळतं. लांब बाही तर गोफणीसारखी फिरते. पहिल्याच टेकला ती बाही ॲस्टेअरच्या तोंडावर बसली. मग वीसेक टेक घेतले आणि शेवटी ठेवला तो पहिलाच. नाचाच्या सुरुवातीला नीट बघा : तो किंचित दचकतो, पण पाऊल सोडत नाही.

‘एका दमात, बिनचूक’

यात अर्धं सत्य आहे आणि तेच जास्त रंजक आहे. ‘रिओ’त दिग्दर्शक नाचाच्या मध्येच चेहऱ्यांवर, बघ्यांवर कट मारतो. पुढच्या चित्रपटांपासून ॲस्टेअरनं आग्रह धरला : डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण शरीर चौकटीत हवं आणि कट कमीत कमी हवेत. त्यासाठी कॅमेरा बुटक्या चाकगाडीवर बसवून नाचणाऱ्यांच्या सोबतीनं सरकवला जाई.

ही पद्धत महागात पडते. तुकड्यातुकड्यांत घेतलेल्या नाचात एक पाऊल चुकलं तर तो तुकडा पुन्हा घ्यायचा. इथे अडीच मिनिटांवर पाऊल चुकलं की सगळं पहिल्यापासून. फिल्मची अडचण नव्हती : ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, तीन मिनिटांच्या नाचाला २७० फूट लागते आणि हजार फुटांच्या रिळात सलग अकरा मिनिटं मावतात. अडचण पायांची होती. ‘स्विंग टाइम’मधल्या (१९३६) ‘नेव्हर गॉना डान्स’मध्ये दोघं दोन बाजूंच्या वळणदार जिन्यांनी वर जातात आणि वरच्या मजल्यावर गिरक्यांचा कळस होतो. म्हणजे सगळ्यांत अवघड भाग सगळ्यांत शेवटी, दमल्यावर. त्याचे सत्तेचाळीसच्या आसपास टेक झाले, जिंजरच्या पायांतून रक्त आलं. त्यात ती काळी चकचकीत बेकेलाइटची जमीन : प्रत्येक टेकनंतर ओरखडे पुसा, पुन्हा पॉलिश करा, मग पुढचा टेक.

‘बिनचूक’ दिसतं त्याचं कारण जिद्द वगैरे नंतर, आधी तालमी. चित्रीकरणाच्या कित्येक आठवडे आधी ॲस्टेअर, नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅन आणि पियानोवर हॅल बोर्न असे तिघं खोलीत कोंडून घेत. नाच बसवताना जिंजरची जागा पॅन घेई. नाच पक्का झाला की तो तिचा भाग तिला शिकवी. तेव्हा जिंजर इतर चित्रपटांतही गुंतलेली असे.

आणि टॅपचा आवाज? तो बहुतेक वेळा सेटवरचा नाहीच. गाणं आधी ध्वनिमुद्रित करून सेटवर कर्ण्यातून वाजवत. त्यामुळे तिथला मायक्रोफोन निरुपयोगी. टॅप नंतर पडद्याकडे बघत, पावलाला पाऊल जुळवून पुन्हा वाजवले जात. ॲस्टेअरचे ॲस्टेअर वाजवी, जिंजरचे अनेकदा पॅन.

काही पोस्टींत त्याला ‘टॅपचा जनक’ही केलं आहे. टॅप आफ्रिकी-अमेरिकी आणि आयरिश नाचांच्या मिश्रणातून एकोणिसाव्या शतकात घडला. बिल रॉबिन्सन आणि जॉन बबल्स हे कृष्णवर्णीय उस्ताद त्यात अग्रणी होते आणि ॲस्टेअरनं ते ऋण मानलं. मात्र रॉबिन्सनला मानवंदना म्हणून ‘स्विंग टाइम’मध्ये त्यानं तोंडाला काळा रंग फासला, ते आज बघवत नाही.

‘दोरीला लटकून’

छतावरचा नाच १९५१च्या ‘रॉयल वेडिंग’मधला, दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन. ट्रिक आहे, आणि दोरी नाही. अख्खी खोली एका प्रचंड पोलादी पिंपात बसवली होती आणि ते पिंप फिरत होतं. कॅमेरा खोलीच्याच जमिनीला जखडलेला, चालवणारा पट्ट्यांनी बांधलेला. खोली फिरली की दोघंही तिच्याबरोबर फिरणार. त्यामुळे फिल्मवर खोली स्थिर दिसते आणि माणूस भिंतीवर चढलेला. प्रत्यक्षात तो पूर्ण वेळ पिंपाच्या तळाशीच असतो. खुर्ची, दिवे, चित्रं सगळं ठोकून बसवलेलं. एक सुटी वस्तू राहिली तरी ती ‘छताकडे’ पडून बिंग फुटायचं.

खरी कसोटी कोपऱ्यांत आहे. खोली साधारण ४५ अंशांत कलली की जमीन आणि भिंत सारख्याच उताराच्या होतात. पाऊल बदलायचं ते त्याच क्षणी. लवकर टाकलं तर घसरगुंडी, उशीर झाला तर तो चढाला लागलेला दिसणार. फिरण्याचा वेग यंत्राचा, ताल गाण्याचा आणि या दोन्हींत नाच बसवायचा.

बिंग फोडायला त्याचा कोट पुरेसा आहे. माणूस खरोखर उलटा लटकला तर कोटाची टोकं डोक्याकडे लोंबली पाहिजेत. रीलमध्ये तो छतावर असताना ती त्याच्या पायांकडेच आहेत. तरी शंका असेल तर ऑटो-रोटेट बंद करा आणि मोबाइल उलटा धरा : गृहस्थ सरळ जमिनीवर नाचतोय, खोलीच डोक्यावर टांगलेली आहे.